गोमंतकातील अभ्यंग-परंपरा : ग्रंथ, घर आणि वैद्य

धर्मसंस्थेच्या वर्धापनाच्या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथात पीठपरंपरा, देवालये, ताम्रपट आणि उत्सव यांचे वर्णन यावे हे उचितच आहे. परंतु ज्या समाजाच्या आधाराने मठ उभे राहिले, त्या समाजाने आपले शरीर आणि मन कसे सांभाळले, हाही इतिहासाचाच विषय होय. गोमंतकात या सांभाळण्याच्या साधनांपैकी एक अत्यंत साधे व अत्यंत जुने साधन म्हणजे कोमट तेल. तान्ह्या बालकाच्या टाळूवर, बाळंतिणीच्या कमरेवर, शेतातून परतलेल्या वृद्धाच्या गुडघ्यावर आणि झोप हरपलेल्या मनुष्याच्या मस्तकावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेलच घातले गेले. आज याच तेलाला ‘ताण घालविणारा उपचार’ या नावाने मोठी मागणी आली आहे. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत त्याच्या पाट्या जागोजाग दिसतात. आणि त्याच तालुक्यातील धारगळ येथे २०२२ सालापासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे. अशा वेळी ही परंपरा मुळात काय होती, परकीय सत्तेच्या काळात ती कोणाच्या आधारे टिकली आणि आज तिच्यातील कोणता अंश गमावण्याचा धोका आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ग्रंथांतील विचार

संस्कृतात ‘स्नेह’ या एकाच शब्दाने तेल-तूपही दर्शविले जाते आणि प्रेमही. आयुर्वेदाने घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह मानले आणि वातशमनाच्या कामी तेलाला मोठे स्थान दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे प्रयोजन तीन दृष्टांतांनी समजाविले आहे. तेल मुरलेला घडा, तेल पाजलेले चामडे आणि वंगण दिलेला गाड्याचा आस जसा बळकट होतो व आघात सोसतो, तसे अभ्यंगाने शरीर दृढ होते, असा त्याचा आशय. हे दृष्टांत कुंभार, चांभार आणि गाडीवान यांच्या रोजच्या व्यवहारांतून घेतलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यापुढे चरकाने कारणही दिले आहे : स्पर्शेंद्रियात वायूचे आधिक्य असते, स्पर्श त्वचेच्या आश्रयाने राहतो, म्हणून वायूवरील उपाय त्वचेच्या द्वारे करावा.

वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत केला. तो नित्य करावा आणि विशेषतः मस्तक, कान व तळपाय या ठिकाणी करावा, असे त्याचे सांगणे. परंतु त्याच ठिकाणी त्याने निषेधही सांगितला : कफाने ग्रस्त असलेल्याने, ज्याची वमन-विरेचनादी शुद्धी नुकतीच झाली आहे त्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये. गरम पाण्याने अंग धुवावे, पण डोक्यावर गरम पाणी घेऊ नये, कारण ते केसांना व नेत्रांना अपायकारक, हाही विवेक त्याच अध्यायातील. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. यावरून मराठी मुलखात या ग्रंथाचे अध्ययन किती जुने आहे हे दिसून येते.

सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने तर अंगास लावलेले तेल कोणत्या धातूपर्यंत किती मात्रांनी पोहोचते याची मोजणीच दिली आहे. तीनशे मात्रांनी केसांच्या मुळांशी, चारशेंनी त्वचेत, आणि याप्रमाणे एकेक शतक वाढत जाऊन नऊशे मात्रांनी मज्जेत. मात्रा म्हणजे एका ऱ्हस्व अक्षराच्या उच्चाराला लागणारा काळ. ही मोजणी आजच्या शरीरविज्ञानाच्या कसोटीस अक्षरशः उतरेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु तेल घाईने लावावयाचे नसते, त्यास क्रम आणि धीर लागतो, हा तिच्यातील बोध आजही खरा आहे.

ज्याला आज आपण मनाचा ताण म्हणतो, त्यासाठी ग्रंथांत तसा एक शब्द नाही. चिंता, शोक, भय आणि निद्रानाश अशी निरनिराळी नावे आहेत. चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप आणण्याचे उपाय सांगितले आहेत. अभ्यंग, उटणे, स्नान, दूध-तूप आणि दहीभात असा स्निग्ध आहार, अंग चेपणे, मनास रुचणारे गंध आणि शब्द, सुखकर शय्या आणि घर ही त्यांतील काही होत. या यादीत तेलाला अग्रस्थान आहे. पण तेल एकटे नाही. पुढील सर्व विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे.

सोळाव्या शतकातील साक्षी

गोमंतकात तेलाचे उपचार चालत, याची लेखी साक्ष आश्चर्य वाटावे अशा ठिकाणी सापडते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. नारळावरील प्रकरणात ऑर्ता खोबऱ्यापासून काढलेल्या तेलाविषयी लिहितो, की ते शिरांना हितकर असून आचके आणि सांध्यांची जुनाट दुखणी यांवर उपयोगी पडते. माणसाच्या मापाच्या पात्रात हे तेल कोमट करून भरावयाचे आणि रोग्यास त्यात ठेवावयाचे, ही रीतही त्याने नोंदविली आहे. आयुर्वेदातील ‘अवगाह’ तो हाच. ऑर्ता युरोपातील विद्यापीठांत शिकला होता. तरी येथील वैद्यांशी त्याचा संवाद होता, आणि त्याच्या ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य बोलताना दिसतो.

त्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ ते १५८८ या काळात, यान हुयघेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण आर्चबिशपच्या पदरी गोव्यात होता. तो लिहितो, की येथील हिंदू वैद्य डोक्यावर छत्री धरवून मोठ्या डौलाने फिरतात. आणि विजरई, आर्चबिशप व पाद्रीसुद्धा स्वदेशीयांपेक्षा त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतात. ज्यांनी येथील देवालये पाडली तेच आजारी पडले म्हणजे येथील वैद्यास बोलावीत, हा विरोध इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये.

निर्बंध आणि त्यांचा परिणाम

हा विश्वास सत्तेच्या धोरणाशी जुळणारा नव्हता. १५६७ साली भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने ख्रिस्ती मनुष्याने परधर्मीय वैद्याचा उपचार घेऊ नये असे ठरविले. १६१८ साली गोव्याच्या नगरपालिकेने वैद्यकासाठी परीक्षा आवश्यक केली आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसपर्यंत मर्यादित केली. बंदी आणि मर्यादा यांतील अंतर बोलके आहे. पहिल्या निर्णयाने जे थांबले नाही, ते दुसऱ्याने मोजून मान्य करावे लागले.

बाहेर गेलेल्या गोमंतकीयांनी ही विद्या कोठवर नेली, याचे उत्तम उदाहरण कोचीचे आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या कामी मलबारातील वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण साहाय्यक होते. त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. मायभूमी सोडावी लागलेल्या समाजाच्या विद्येचा हा लेख युरोपात जतन झाला.

खुद्द गोव्यात निर्बंध घराच्या उंबरठ्याच्या आत शिरले. धर्मसमीक्षण संस्थेने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या अनेक चालीरीतींना बंदी होती. प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो जाहीरनामा विस्ताराने दिला आहे. वधू-वरांच्या अंगास हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ आणि अबोलीच्या पाल्याची पूड यांचे मिश्रण लावू नये, असे एक कलम त्यात आहे. तेल लावणे हा गुन्हा ठरावा, एवढे त्या तेलात सत्तेला काय दिसले असेल? अर्थात तिला त्यात औषध दिसले नाही. पूर्वजांशी असलेले नाते दिसले. आणि ते नाते तुटले नाही. गोमंतकातील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी ‘रोस’ नावाचा विधी आजही होतो. आप्तेष्ट वधू-वरांना नारळाचा रस आणि तेल लावून न्हाऊ घालतात. जाहीरनामा इतिहासजमा झाला, स्नेह उरला.

पेडणे आणि डिचोली

तिसवाडी १५१० साली आणि बार्देश व सासष्टी १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पेडणे व डिचोली यांची गोष्ट निराळी. हे प्रदेश प्रथम आदिलशाहीत व पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांच्या राज्यात राहिले. डिचोली अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अंमलात आले. म्हणून यांना नव्या काबिजादी म्हणतात. मधल्या सुमारे अडीचशे वर्षांत जुन्या काबिजादींतून निघालेल्या देवांना व कुळांना या भागाने आसरा दिला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतील नार्वे येथे आला आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. धारगळची शांतादुर्गाही मूळची बार्देशातली. देवाबरोबर पुजारी, सेवेकरी आणि कुळाचार आले. आणि कुळाचारात अभ्यंगाचे दिवसही आले.

या सीमाभागाचा व्यवहार उत्तरेकडील कोकणाशी अखंड होता. पेडणे पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १७९० च्या सुमारास, संगमेश्वराजवळच्या गोळवलीचे काशीनाथ उपाध्याय यांनी पंढरपुरी ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ रचला. नरकचतुर्दशी, बलिप्रतिपदा आणि वर्षप्रतिपदा या दिवशी तैलाभ्यंग आवश्यक, हा निर्णय त्यात आहे. व्रताच्या व श्राद्धाच्या दिवशी तेल वर्ज्य करावे, ब्रह्मचाऱ्याने अभ्यंग टाळावा, असे धर्मशास्त्र सांगते. वैद्यक नित्य अभ्यंग सांगते व धर्मशास्त्र काही जणांस तो वर्ज्य करते, हा विरोध वरवरचा आहे. एकाचे लक्ष देहधारणेवर आहे, दुसऱ्याचे संयमावर. आणि दोघांनाही ‘कोणी, केव्हा, किती’ हे प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

घरातील शास्त्र

वैद्यावर निर्बंध आले, पण घरावर पहारा बसविणे कोणत्याही सत्तेला पूर्णपणे साधत नाही. गोमंतकातील अभ्यंगाची खरी पाठशाळा म्हणजे न्हाणीघर. तेथे आचार्यपद स्त्रियांकडे होते. कोंकणीत सुईणीला ‘वैजीण’ म्हणत. वैज म्हणजे वैद्य, आणि त्याचे हे स्त्रीलिंगी रूप. समाजाने तिला कोणत्या पंक्तीत बसविले होते हे या शब्दावरूनच कळते. बाळंतिणीचे अंग मळणे, बाळास पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, टाळू भरणे ही तिची कामे. तांब्याच्या भाण्यात पाणी तापत असे आणि तेलाची वाटी चुलीच्या उबेला ठेवलेली असे. तेल आचेवर कढत करावयाचे नाही, हाताच्या पाठीवर थेंब टाकून पाहावयाचे, हा नियम तिने कोणत्या पोथीत वाचला नव्हता. पण ‘सुखोष्ण’ या शास्त्रीय शब्दाचा अर्थ याहून वेगळा नाही.

देशावर तिळाचे तेल मुख्य, तर येथे नारळाचे. ग्रंथांनी वातासाठी तिळतेल श्रेष्ठ मानले. किनाऱ्यावरील लोकांनी आपल्या दमट आणि उष्ण हवेत डोक्यासाठी थंड गुणाचे खोबरेल पत्करले, आणि माका, ब्राह्मी, जास्वंद ही परसातील द्रव्ये घालून ते सिद्ध केले. तेल सिद्ध करण्याचे शास्त्रीय प्रमाण एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे आहे. पाकाच्या तीन अवस्था चरकाने सांगितल्या : नस्यासाठी मृदू, पिण्यासाठी व बस्तीसाठी मध्यम आणि अभ्यंगासाठी खर. कल्काची बोटांत वात वळते का, ती विस्तवावर टाकली असता तडतडते का, यावरून पाणी आटल्याची परीक्षा करतात. गावातील वृद्ध स्त्रिया तेल उतरविण्यापूर्वी कानाने तडतड ऐकत, ती हीच परीक्षा होय.

वर्षातून एकदा हे घरगुती शास्त्र सार्वजनिक रूप घेते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराची प्रतिमा जाळली जाते, मग घरोघरी तेल-उटणे लावून स्नान होते आणि तुळशीपुढे पायाने कारीट फोडले जाते. पावसाळा संपून थंडी लागण्याच्या वेळी, त्वचा रुक्ष होऊ लागते तेव्हा, हा सण येतो. ऋतू, आरोग्य आणि पुराणकथा यांची अशी सांगड घालणाऱ्या पूर्वजांची दृष्टी प्रशंसनीय होय.

वैद्यपरंपराही नष्ट झाली नव्हती. १८४२ साली पणजी येथे पाश्चात्त्य वैद्यकाचे विद्यालय स्थापन झाले, तरी फोंड्याचे रामचंद्र पांडुरंग उर्फ दादा वैद्य यांच्यासारखे आयुर्वेदाचे जाणकार समाजाच्या अग्रभागी राहिले. वैद्यकाबरोबरच शिक्षणप्रसाराचे त्यांचे कार्य गोमंतक विसरलेला नाही. पणजीतील एक प्रमुख रस्ता त्यांच्या नावाचा आहे.

शिरोधारा : जुने कर्म, नवे प्रयोजन

आज ‘तैलोपचार’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कपाळावर पडणारी तेलाची संथ धार येते. तिचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. वाग्भटाने डोक्यावर तेल योजण्याचे चार प्रकार सांगितले : अभ्यंग, सेक, पिचू आणि बस्ती, आणि ते उत्तरोत्तर अधिक गुणकारी मानले. सेक म्हणजे धार धरणे. परंतु त्याची योजना त्याने डोक्यातील पुटकुळ्या, टोचणी, दाह, पू होणे व व्रण यांवर केली आहे. झोप न येण्यावर त्याने सांगितली ती बस्ती. म्हणजे डोक्याभोवती चामड्याची पट्टी बांधून, उडदाच्या पिठाने सांधे बुजवून, आत कोमट तेल धरून ठेवणे. मन शांत होण्यासाठी व झोपेसाठी कपाळावर धार धरण्याची आजची पद्धत मुख्यतः केरळातील वैद्यांनी वाढविली. त्यांनी तेलाबरोबर ताक आणि दूध यांच्याही धारा योजल्या, पात्राची उंची व धारेची जाडी निश्चित केली, किती दिवस करावयाचे हे ठरविले. कोट्टक्कल येथे १९०२ साली पी. एस. वारियर यांनी स्थापन केलेल्या आर्यवैद्यशाळेसारख्या संस्थांनी केरळातील वैद्यकाला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि पुढे पर्यटनाबरोबर शिरोधारा आपल्या किनाऱ्यावर पोहोचली.

यात कमीपणा काही नाही. शास्त्र वाढते ते अशाच अनुभवाने. जपानी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सोळा निरोगी स्त्रियांवर शिरोधारेचा प्रयोग केला. त्यात चिंता कमी झाल्याचे आणि शरीर विश्रांतीच्या अवस्थेकडे गेल्याचे दिसले. सोळा ही संख्या लहान आहे, आणि निरोगी मनुष्यास शांत वाटणे व रोग्याचा रोग बरा होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तरी विचारास दिशा मिळते एवढे खरे.

आजचा प्रश्न

गोमंतकाच्या अभ्यंग-परंपरेचे तीन आधार होते : ग्रंथ, घर आणि वैद्य. सोळाव्या-सतराव्या शतकांत वैद्यावर आघात झाला, तेव्हा घराने परंपरा सांभाळली. आज संकट उलट दिशेने आले आहे. तेलाला बंदी नाही, उलट मागणी आहे. परंतु ज्या व्यवहारात तेल विकले जाते त्यात पुष्कळदा ग्रंथातील निषेध कोणी विचारीत नाही, नाडी कोणी पाहत नाही, आणि घरातील वृद्धेचे ज्ञान तर खिजगणतीतही नाही. ज्वर आहे का, अजीर्ण आहे का, कफाचा विकार आहे का, हे न विचारता सर्वांना एकच तेल व एकच धार देणे हा उपचार नव्हे, केवळ अंगमर्दन होय. त्याने सुख वाटेल. पण त्यास चिकित्सा म्हणू नये.

याहून गंभीर गोष्ट अशी, की मनाचा भार कोठून आला हा प्रश्नच दृष्टीआड होतो. डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ साली थांबल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ साली पुन्हा थांबल्या. ज्यांचा संसार त्यांवर चालत होता अशा कितीतरी घरांची झोप उडाली. अशा झोपेवर तेल किती पुरणार? सुश्रुताने कारण टाळणे हीच संक्षेपाने चिकित्सा म्हटली आहे. चरकाने चिकित्सेचे तीन भेद केले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. तेल हे दुसऱ्या प्रकारात मोडते. मनाच्या दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय त्यानेच सांगितले. शिणलेल्या देहाला तेल विसावा देते. त्या विसाव्यात मनाने काय करावयाचे हे सत्त्वावजयाचे क्षेत्र. कुटुंबाचा आधार, मित्राचा शब्द, सद्‌ग्रंथ आणि सत्संग यांची गरज तेथे लागते. आणि दुःख इतके खोल गेले असेल की जगण्याचीच इच्छा उरली नाही, तर बांबोळी येथील मानसोपचार संस्थेसारख्या ठिकाणी विनासंकोच गेले पाहिजे. तसे करण्यात शास्त्राचा अपमान नाही. योग्य वैद्याकडे जाणे हीच शास्त्राची आज्ञा आहे.

धारगळच्या संस्थेचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी दहावा आयुर्वेद दिन तेथेच साजरा झाला. ज्या प्रांतात एके काळी वैद्यांची संख्या तीसवर बांधून टाकली होती, त्याच प्रांतात आयुर्वेदाची राष्ट्रीय संस्था व्हावी, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. परंतु संस्थेची इमारत परंपरेच्या तीन आधारांपैकी एकच उभा करू शकते. उरलेले दोन समाजाच्या हाती आहेत. संस्कृत पाठशाळांनी अष्टांगहृदयाचा दिनचर्या-अध्याय निषेधांसह मुखोद्‌गत करून घ्यावा. पेडणे व डिचोली येथील गावांत ज्या वृद्ध स्त्रियांना बाळंतिणीचे व बाळाचे अंग मळण्याची, तेल कढविण्याची जुनी रीत ठाऊक आहे, त्यांच्याकडून ती शब्दशः लिहून घ्यावी. कारण ही पोथी कोणत्याही ग्रंथालयात नाही आणि तिची पाने दरवर्षी गळत आहेत. ते लेखन वैद्यांसमोर ठेवून पारखावे. टिकेल ते शिकवावे, घातक असेल ते सोडावे.

आणि प्रत्येक गृहस्थाने एवढे तरी करावे. निजण्यापूर्वी वृद्ध आईवडिलांच्या तळपायांस थोडे कोमट तेल स्वतःच्या हाताने लावावे. त्यास द्रोणी लागत नाही, पाटी लागत नाही, द्रव्यही फारसे लागत नाही. स्नेह या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतात.